तवनाप्पा मास्तर आणि मेणाची नळी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीसुद्धा एका गोष्टीवर मी कितीतरी वर्षं तोंड मिटून बसले. शहापुरात कुणी म्हणायचं, "तवनाप्पा मास्तर व्हय? त्यो न्हवं का, ज्यानं काशीचा आवाज घालवला?" आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलायची सोय नव्हती. मास्तरांना शब्द दिला होता. आता मास्तर नाहीत. काशीची आई गंगाक्का, तीही गेल्या वर्षी गेली. शब्द पाळायचा तो कुणासाठी? म्हणून लिहायला बसले आहे.

शहापूर तेव्हा संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर राजेसाहेबांचं, आणि मधे नुसता एक रस्ता. आमची शाळा विणकर गल्लीच्या तोंडाशी. मी विधवा, ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेली, मुलींच्या वर्गावर नेमलेली. तवनाप्पा मास्तर हेडमास्तर. मूळचे निपाणीकडच्या बोरगावचे, जैन, अंगानं काटकुळे, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. एकदा शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब ऐन भाषणात होते. मास्तरांनी खिडकीतून उन्हाकडं पाहिलं आणि उठले. "साहेब, तुमी चालू द्या. सूर्य माझ्यासाठी थांबायचा न्हाई, मी जेवून येतो." 

मास्तरांचं खरं भांडवल म्हणजे त्यांचे कान. गल्लीत उजाडल्यापासून मागांची खटखट सुरू असायची. दुसरा कुणी असता तर वैतागून बदली मागून गेला असता. मास्तरांनी त्या खटखटीवर पाढे बसवले. मागातला धोटा इकडून तिकडं गेला की पोरांनी एक ओळ म्हणायची. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे त्या ठेक्यात. वर्ग म्हणू लागला की ते डोळे मिटून भिंतीला टेकायचे, आणि तेवढ्या गलक्यात डोळे न उघडता म्हणायचे, "दत्तू, नुसते ओठ हलवू नको रं. आवाज काढ." दत्तू लाजून पाणी पाणी व्हायचा. मी एकदा मुद्दाम एका मुलीला गप्प बसायची खूण केली. मास्तर लगेच म्हणाले, "बाई, तुमच्यातली एक वजा झाली बघा."

शाळेत काही नवं आणायचं म्हटलं की मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या. भिंतीवर लावायचा नकाशा आला, तो त्यांनी गुंडाळून कपाटामागं उभा केला. "पोरगं मार्कंडेयात पवून आलंय. त्याला ही निळी रेघ दाखवून काय सांगू? ही नदी?" पाटीसुद्धा त्यांना फारशी पसंत नव्हती. "लिहिलं की पोर बिनघोर होतंय. मग डोक्यात कशाला ठेवील?" मी म्हणायची, "मग फळाही काढून टाकायचा का मास्तर?" तर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "त्याचाबी इचार करायला हवा." चेष्टा कोणती नि खरं कोणतं, पत्ता लागू द्यायचे नाहीत.

अशा माणसाच्या शाळेत बसाप्पा सावकारांनी फोनो आणून ठेवला. पहिलं महायुद्ध चालू होतं. बेळगावच्या कॅम्पातली एक गोरी पलटण हलली, तिच्यातल्या कुणा सार्जंटाच्या सामानाचा लिलाव झाला, आणि साड्यांचे व्यापारी बसाप्पा सावकार तिथून हौसेनं हे यंत्र घेऊन आले. बायकोनं "असलं भूत माझ्या घरात नको" म्हणून उंबरा ओलांडू दिला नाही, म्हणून शाळेला दान! लाकडी पेटी, पितळी कर्णा, आणि मेणाच्या पोकळ नळ्या, मनगटात चढतील एवढ्या. पुढं आमच्याकडं काळ्या तबकड्या आल्या, तसला हा प्रकार नव्हे. या यंत्राला एक टोपी लावली की कर्ण्यात बोललेलं मेणावर कोरलं जायचं. दुसरी लावली की तेच परत ऐकू यायचं. नको असलं तर मेण तासून नळी पुन्हा कोरी करायची.

मास्तर बघायलाही उठले नाहीत. "ज्याला गळा न्हाई त्याचं बोलणं ऐकू नये," म्हणाले. पण सावकार शाळेच्या कमिटीत. दिपोटीसाहेबांना ऐकवायला पोरांची दिडकी नळीत भरून ठेवा, म्हणून त्यांनी हुकूमच सोडला. करता काय? मास्तरांनी माझ्या वर्गातली काशी निवडली.

काशी गंगाक्काची एकुलती एक. बाप लवकर गेलेला. आई मागावर बसायची, पोर तिला कांड्या भरून द्यायची. पुढचा दात पडलेला, परकर कायम एका बाजूनं लोंबणारा, आणि आवाज असा स्वच्छ की सगळ्या मागांच्या वर ऐकू यायचा. तिला कर्ण्यासमोर उभी केली. तिनं खटखटीच्या ठेक्यावर दिडकी सुरू केली ती थांबेचना. म्हणून झाली तरी मजा वाटून पुन्हा पहिल्यापासून. मास्तर आधीच वैतागलेले. खेकसले, "बास कर गं! किती वटवट!" त्यावर काशी फिसकन हसली, आणि नळी संपली.

सावकारांनी टोपी बदलून नळी वाजवली. आधी मागांची खटखट आली. मग काशी. मग कर्ण्यातून मास्तर खेकसले, "बास कर गं!" आणि मागोमाग ते हसू. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. मी मास्तरांकडं पाहिलं, तर माणूस पांढराफटक पडलेला.

"बाई, मी असा बोलतो?"

"रोज," मी म्हटलं. सांगितलं ना, फटकळ.

मला वाटलं, आता हे यंत्र उकिरड्यावर जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मास्तर स्वतः पेटी पुसत बसलेले. त्यानंतर त्यांना फोनोचं वेडच लागलं. घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना चमच्यातला च जमायचा नाही. त्यांना आधी त्यांचा आवाज ऐकवायचे, मग माझा, आणि विचारायचे, "कुठं चुकलं, तूच सांग बघू." पोरं स्वतःच्या चुका स्वतः धरायला लागली. वर्गातली छडी गेली, खेकसणं तर पारच गेलं. दिपोटीसाहेब आले तेव्हा मास्तर त्यांना म्हणाले, "साहेब, पोरांना न्हाई ऐकवलं तरी चालंल. पण एकेका मास्तराला वर्सातनं एकदा त्याचा आवाज ऐकवा." साहेबांनी हसून विषय बदलला. नळ्या मोजक्याच होत्या, त्यामुळं तासून तासून वापरायच्या. काशीची तेवढी मास्तरांनी तासू दिली नाही. कापूस भरलेल्या डब्यात, कपाटाच्या वरच्या खणात. "ती माझ्यासाठी हाय," म्हणायचे.

मग मानमोडीची साथ आली. सकाळी ताप, दुसऱ्या दिवशी तिरडी. शाळा बंद झाली. गल्लीतले माग एकेक करून थांबत गेले, आणि कुठला माग थांबला यावरून कुणाच्या घरी काय झालं ते कळायचं. मास्तर आणि मी घरोघरी पेज पोचवत होतो. एका सकाळी मास्तर रस्त्यात एकदम उभे राहिले. कान टवकारून ऐकलं आणि म्हणाले, "गंगाक्काचा माग वाजंना." आम्ही धावत गेलो. गंगाक्का तापात बडबडत होती. तिच्या शेजारी काशी केव्हाच गेलेली होती. आईला ते ठाऊकही नव्हतं, ती तिला पांघरूण घालत होती.

गंगाक्का वाचली. मी कशाला वाचले, असं पुढं ती कितीदा तरी म्हणायची. शाळा उघडल्यावर एक दिवस ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, माझ्या लेकीचा आवाज हाय म्हणं तुमच्यापाशी."

मास्तरांनी डबा काढला. नळी चढवून चावी दिली. खटखट, दिडकी, "बास कर गं!", हसू. गंगाक्का कर्ण्यापुढं मांडी घालून बसली होती. हसू आलं तशी ती पुढं वाकली आणि कर्ण्याला म्हणाली, "काशे, चल की गं घरला." मला तिथं थांबवेना. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मग ती दर बाजारच्या दिवशी येऊ लागली. येताना चिरमुऱ्याचा लाडू आणायची, कर्ण्यापुढं ठेवायची, ऐकून झालं की पोरांत वाटून टाकायची. मास्तर मान खाली घालून ऐकायचे. गेलेल्या पोरीच्या अंगावर आपण खेकसतोय, हे त्यांना दर खेपेला ऐकावं लागायचं. मला बघवेना. एकदा म्हटलं, "तेवढ्यापुरता कर्ण्यावर हात धरावा, मास्तर."

"न्हाई बाई. ती त्याच्यावरच हसली. ते झाकलं तर हसूबी झाकलं जाईल."

पण मेण ते मेणच. खरखर वाढत चालली. अर्थात मास्तरांच्या कानांना ती आमच्या आधी कळली. शेवटी धीर करून त्यांनी सांगितलं, "गंगाक्का, ऐकलं की झिजतंय बघ. दर खेपेला सुई थोडं थोडं नेतीया."

गंगाक्कानं कर्ण्यावरून एकदा हात फिरवला. "मग वर्सातनं एकदाच," म्हणाली. "खंडेनवमीला. त्या दिशी गल्ली गप्प असती. नीट ऐकू येतंय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विणकरांचे सगळे माग बंद. धोटे, फण्या पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजा करायची. शाळेतही पाट्यापुस्तकांची पूजा असायची. पहिल्या वर्षी त्या गप्प गल्लीत मास्तरांनी नळी लावली, आणि आधी आली ती मागांची खटखट. बाहेर एक माग चालू नव्हता आणि कर्ण्यात सगळे चालू होते. त्यांतले किती विणकर साथीत गेलेले! दारात बाया जमल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "ह्यो जड वाजतोय न्हवं, ह्यो आमच्या मालकांचा."  बाया एकेक करून घरी गेल्या.

असं दोनदा झालं. तिसऱ्या खंडेनवमीला मी दारात रांगोळी काढत होते. मास्तर मागच्या आवारात पोरांकडून तोरणं करून घेत होते. पूजेच्या पाटावर पाट्या, पुस्तकं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच, यंत्रही. शेजारी नळीचा डबा. मास्तरांनी आपल्या हातांनी मांडलेला. गंगाक्का लवकर आली, माझ्या बाजूनं आत गेली. थोड्या वेळानं मी आत गेले तर नळी तिच्या हातात. चकचकत होती. तिनं ती तेलानं माखून, पदरानं खसाखसा पुसून, वर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. मेणावरच्या आवाजाच्या बारीक रेघा पार निघून गेलेल्या.

"गेल्या साली काशीचा आवाज लई बसल्यावानी येत हुता, बाई," ती खुशीत म्हणाली. "धोटा अडखळाय लागला की आमी तेल लावतो. मग कसा सरळ पळतोय! म्हटलं आज मागाच्या आधी हिलाच लावावं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात मास्तर दारात आले. त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी माझ्याकडं बघून हात वर केला. गप्प राहा. मग नेहमीसारखी नळी घेतली, यंत्रावर चढवली, चावी दिली. कर्ण्यातून नुसती घरघर आली. खटखट नाही, दिडकी नाही, खेकसणं नाही, काही नाही.

गंगाक्का वाट बघत होती. "अजून येईना व्हय?"

मास्तरांनी यंत्र थांबवलं.

"येणार न्हाई, गंगाक्का. तुझ्या तेलाचं न्हवं ते. ती आधीच गेलती. मी वर्सभर पोरांना शिकवायला वाजवली. मोह आवरला न्हाई मला. झिजवून टाकली. तुला सांगायला तोंड न्हवतं."

धादांत खोटं! वर्षभर त्या माणसानं डब्याला बोट लावलं नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची, मला ठाऊक नाही होय? पण त्यांनी पुन्हा माझ्याकडं हात वर केला.

गंगाक्का उठली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "साथीनं एकदा नेली, मास्तर," ती म्हणाली. "तुमी दुसऱ्यांदा नेली." आणि पूजेला न थांबता निघून गेली.

पोरं घरी गेल्यावर मी मास्तरांवर तुटून पडले. "कशाला अंगावर घेतलंत? तिच्याच हातानं झालं ना?"

"म्हणून तर, बाई. पोर तिची. तिच्याच हातानं गेली असं कळलं तर त्या बाईला घास गिळंल? माझ्यावर काय, गल्लीला रागवायची सवयच हाय. शब्द द्या, कुटं बोलणार न्हाई." मी दिला. देताना रडले आणि रागानंच दिला.

गल्लीनं मास्तरांना रामराम घालणं सोडलं. दोघी-तिघींनी पोरी शाळेतून काढल्या. यंत्र मास्तरांनी सावकारांकडं परत धाडलं, तर लोक म्हणाले, बघा, त्याला ते आधीपासून नकोच होतं. हे सगळं त्यांनी सोसलं. सोसलं नाही ते त्यांच्या कानांनी. एकदा वर्ग दिडकी म्हणत होता, मास्तर नेहमीसारखे डोळे मिटून भिंतीला टेकले होते, आणि दचकून ताठ उभे राहिले.

"बाई, आज एक आवाज जास्त हाय."

मी पोरं मोजली. हजेरी होती तेवढीच होती. तसं सांगितलं. "व्हय, व्हय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवून पाढे घेतले, आणि पुन्हा कधी डोळे मिटून वर्ग ऐकला नाही. उलट कपाटामागचा नकाशा काढून भिंतीवर लावला. मग पृथ्वीचा गोल मागवला, झाडापानांची चित्रं मागवली, प्राण्यांचे तक्ते मागवले. भिंत उरली नाही शाळेत. दिपोटीसाहेब खूष झाले. हेडमास्तर फार पुढारलेले आहेत, असा शेरा दिला. मास्तर मला म्हणाले, "ह्यातलं काय बोलत न्हाई, एवढं बरं हाय."

असेच दिवस गेले. मास्तरांना पेन्शन मिळायचं वर्ष आलं, दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि बसाप्पा सावकारांच्या मुलानं शाळेला रेडिओ दिला. आता म्हातारा काय तमाशा करतो ते बघायला कमिटी झाडून हजर. मास्तर रेडिओसमोर खुर्ची ओढून बसले. बातम्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. मग म्हणाले, "ह्यो चांगला हाय. रोज वर्गात लावूया."

सावकारांच्या मुलाचा विश्वास बसेना. "खरंच म्हणता, मास्तर?"

"खरंच की. बोलतोय आणि सोडून देतोय. कुणाला धरून ठेवत न्हाई."

सगळे हसले. म्हातारा शेवटी सुधारला, म्हणाले. 

मास्तर बोरगावला जायला निघाले तो दिवस मला स्पष्ट दिसतो. निपाणीची मोटर गाठायला टांगा सांगितला होता. एक ट्रंक, एक वळकटी. निरोपाला कमिटीचे दोघं, मी आणि थोडी पोरं. विणकर गल्लीतून कुणी नव्हतं. टांगा गल्लीच्या तोंडाशी आला, आणि गंगाक्का समोर येऊन उभी राहिली. डोकं पांढरं झालेलं, पाठ मागावर बसून बसून वाकलेली. इतक्या वर्षांत ती मास्तरांशी एक अक्षर बोलली नव्हती.

"मास्तर, खाली उतरा."

मास्तर उतरले. गल्लीतले माग थांबले, माणसं दारात आली.

"लई वर्सं तुमच्यावर राग धरला मी," गंगाक्का म्हणाली. "तुमचं तोंड बघितलं की पोटात आग पडायची. आता तुमी चाललाय, माझंबी काय खरं न्हाई. माझ्या काशीचा आवाज तुमी घालवला, त्याची मी तुमाला माफी केली. सुखानं जावा."

 मी मास्तरांकडं डोळे फाडून बघत होते. आता तरी सांगा! अहो, आता तरी! सगळ्या गल्लीसमोर ही तुम्हाला माफ करतेय, तेही कशाबद्दल? मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, काखेत धरला, आणि भर रस्त्यात वाकून गंगाक्काच्या पायांना हात लावला.

"लई उपकार झाले, गंगाक्का."

ते ढसाढसा रडत होते. त्या रडण्यात नाटक नव्हतं. एवढ्या वर्षांत मास्तरांचं नाटक मला ओळखू यायला लागलं होतं. मला एकदम कर्ण्यातलं ते "बास कर गं!" आठवलं. गंगाक्कानं त्यांच्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला. "असू द्या, असू द्या. माणसाच्या हातनं व्हतंय."

मास्तर टांग्यात चढले. रुमाल बांधायचं त्यांना सुचलं नाही, तो तसाच मांडीवर राहिला. टांगा वळेपर्यंत ते मागं बघत हात जोडून बसले होते. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. पुढं दोन वर्षांतच बोरगावला वारले, असं कळलं.

टांगा दिसेनासा झाला तशी गंगाक्का माझ्या खांद्याचा आधार घेऊन म्हणाली, "बघा बाई, केवढं वझं वागवत हुता त्यो माणूस. आज मोकळा झाला."

"व्हय, गंगाक्का," मी म्हटलं, आणि तिला तिच्या दारापर्यंत पोचवून आले.